रविवारचा पेशंट

कॉम्प्युटर दुरुस्तीला आणणारा माणूस दुकानाच्या पायरीवरच सांगून टाकतो, "मी काहीच केलं नाही जी, आपोआपच झालं." वकील असो, कंपाउंडर असो, नाहीतर अडत्याचा मुनीम असो, वाक्य तेच. मी मान डोलावतो, पेचकस घेऊन डब्बा उघडतो, आणि आतून मेलेली पाल निघते, मुंग्यांची अख्खी वसाहत निघते. एकदा सीडीच्या खाचेतून घडी घातलेली लग्नपत्रिका निघाली होती. ती पाहूनही मालक म्हणाला, "आपोआपच गेली असन."

आर्वीत एसटी डेपोच्या बाजूला माझं दुकान आहे. तरुणपणी उघडलं, आता पन्नाशी मागे पडली. या धंद्यात मला जे येतं ते फार नाही, पण जे येतं ते आर्वीचं आहे. उदाहरणार्थ कापूस. पुण्यामुंबईच्या मेकॅनिकला कापूस हा कॉम्प्युटरचा रोग आहे हे ठाऊक नसतं. आमच्याकडे कापसातून सरकी काढायची जिनिंग सुरू झाली की हवेत तंतू तरंगतात. मशीनचा पंखा ते ओढून घेतो, आणि होळीपर्यंत आत चांगली समईत लावण्याजोगी वात तयार होते. मशीन तापतं, बंद पडतं. मालक घाबरून विचारतो, "व्हायरस हाये काय?" मी चिमट्यानं वात काढून त्याच्या तळहातावर ठेवतो. "हा घ्या तुमचा व्हायरस. जपून ठेवा, उदबत्तीजवळ कामी येईल."

दुसरा रोग रॅमचा. रॅम म्हणजे मशीनच्या आतली बोटभर लांबीची पट्टी. काम चालू असेपर्यंत मशीन सगळं तिच्यात ध्यानात ठेवतं. तिची सोनेरी किनार काळवंडली किंवा ती खाचेत जराशी सैल झाली, की मशीन सुरूच होत नाही, नुसतं बीप बीप करत राहतं. उपाय सोपा. पट्टी काढायची, शाळेतल्या पोरांच्या खोडरबरानं किनार घासायची, परत दाबून बसवायची. टक् आवाज आला की झालं. हा उपाय मी वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्यानं, पाठ फिरवून करत आलो. गिऱ्हाइकानं खोडरबर पाहिलं की त्याची श्रद्धा उडते.

हे सगळं सांगतो आहे ते मूळ गोष्ट लांबवण्यासाठी, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. मी मुळात घुम्या माणूस. बायको म्हणते, "तुम्ही त्या डब्ब्याइतकं माह्याशी बोलले असते तर संसार सोन्याचा झाला असता." आता बोलतो.

आमच्या गावात कॉम्प्युटर घरोघरी यायला लागले तेव्हा मी एकटा कुठंकुठं पुरणार? म्हणून मंदाताईंना विचारलं. मंदाताईंची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. रविवारी वर्ग बंद, हॉल रिकामा. म्हटलं, ज्याचं मशीन बिघडलं त्यानं रविवारी इथं आणावं, सगळ्यांसमोर उघडू, सगळेच शिकतील. मंदाताई म्हणाल्या, "आणू द्या. पण गोदरेजच्या कपाटाले कोणी टेकाचं नाही." अशी मंडळाची स्थापना झाली. फलकावर नाव 'संगणकप्रेमी मंडळ'. गाव म्हणायचं डब्बा मंडळ.

लोक सकाळी डब्बा गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर दोन गुडघ्यांत धरून आणत. हॉलच्या मधोमध टेबलावर तो ठेवायचा. त्याला आम्ही पेशंट म्हणायचो. सगळे भोवती बसत. नियम दोनच. पहिला, दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं, करायचं मालकानंच. दुसरा, ज्याचा पेशंट त्याच्या घरचे झणझणीत रश्शाचे तर्रीपोहे. आधी निदान, मग पोहे, मग मी डब्बा उघडणार, असा क्रम. निदानाची मोठी हौस काळबांडे सरांना. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. मशीनला काहीही झालेलं असो, सर डोळे मिटून म्हणत, "अर्थिंग." प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी अर्थिंग. मंदाताई म्हणायच्या, "सर, तुमचा गुडघा दुखते थोही अर्थिंगच असन."

आणि गुणवंतभाऊ. गुणवंतराव राऊत जिनिंगच्या वजनकाट्यावर बाबू होते. कोणाची बैलगाडी, कोणता बैल मारका, गाडीत कापूस ओला होता की कोरडा, सगळं तोंडपाठ. मोबाइल आला तरी त्यांनी त्यात एक नंबर साठवला नाही. "डोक्यात जागा हाये न लेका, मंग थ्या फोनले कायले त्रास?" निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो एका कामासाठी. तालुक्यातल्या लग्नाळू पोरापोरींचे बायोडाटे करून द्यायचे. फुकट. प्रत्येकाला गुलाबाची तीच चौकट आणि खाली तेच वाक्य, 'स्वभाव मनमिळाऊ.' मंदाताईंचा भाऊ सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हता, तोही मनमिळाऊ. मंदाताईंनी टोकलं तर गुणवंतभाऊ म्हणाले, "लग्न होऊ दे, बायको मिळवते त्याले." लग्न झालं. तो बहिणीशी बोलायलाही लागला. भाऊंचे बायोडाटे असे खरे व्हायचे.

आर्वीपासून देवळीपर्यंत कुणाची मुलगी किती शिकली, उंची किती, मामेकुळ कोणतं, हे ते मशीन सुरू न करताच सांगत. मशीन त्यांच्या मानानं मागेच पडायचं.

पुढे वाईट दिवस आले. म्हणजे मशीनं चांगली निघायला लागली. नवी डिस्क खराब होईना. लोकांची निम्मी कामं फोनवर व्हायला लागली. रविवार यायचा आणि पेशंटच नसायचा. पेशंट नाही म्हणून पोहे नाहीत, पोहे नाहीत म्हणून माणसं नाहीत. एका रविवारी आम्ही मोजकेच जण रिकाम्या टेबलाभोवती बसलो. काळबांडे सरांनी फोनवर आलेलं सुप्रभात आम्हालाच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि उठून गेले. मंदाताई खुर्च्या रचता रचता म्हणाल्या, "विलासभाऊ, शिवणक्लासवाली हॉल मागून राह्यली. पाहा काय ते."

मी दुकानात येऊन बसलो. सहा दिवस मी मशीनशी बोलत असे. माणसांशी बोलायचा माझा वार तेवढा एकच होता, आणि तो शिवणक्लासला जाणार होता.

त्याच आठवड्यात काळबांडे सरांकडे प्रिंटरची शाई बदलायला गेलो. सर चहा सांगायला आत गेले. डब्ब्याचं झाकण मी नेहमीच्या सवयीनं उघडलेलंच होतं. बोट रॅमच्या पट्टीवर गेलं, आणि त्या बोटानं पट्टी जराशी सैल केली. बोटानं केली म्हणतो. पाहा, मीही "आपोआपच झालं"वालाच.

रविवारी सर डब्बा घेऊन हजर. बातमी आधीच पसरलेली, हॉल भरलेला. सरांच्या घरची तर्री अशी जहाल की मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी. सरांनी स्वतःच्या मशीनचं निदान केलं, अर्थिंग. गुणवंतभाऊ म्हणाले रॅम. खूप वाद झाला. मी पाठ फिरवून खोडरबर घासलं, टक् आवाज आला, मशीन सुरू झालं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवणक्लास टळला.

मग मी सोकावलो. कुणाचा आवाज बंद कर, कुणाची तारीख मागे ने, कुणाच्या पडद्यावरचं चित्र आडवं कर. कोणाचंही काही पुसलं जाणार नाही याची मी काळजी घेत असे. रविवारी मी कोणाकडून काही घेत नव्हतो, हेही मनाला बजावत असे. चोर देवळात गेला की चप्पल बाहेर काढतो, तशातली ही गोष्ट. पुढे तर घरी जायचीही गरज उरली नाही. दूरवरून मदत करता यावी म्हणून एक सॉफ्टवेअर मी सगळ्यांच्या मशीनमध्ये बसवून दिलं होतं. दुकानात बसून मला त्यांच्या पडद्यावर काम करता येई. सगळ्यांनी विश्वासानं परवानगी दिलेली. मी शनिवारी बसल्या जागी ठरवायचो, उद्या पोहे कुणाकडचे खायचे.

गुणवंतभाऊंच्या सुनेच्या, रेखाच्या हातचे पोहे गावात एक नंबर. त्यामुळे भाऊंची पाळी जरा जास्त यायची. त्यांची तारीख बदलली. मराठी टाइप करायला गेले की इंग्रजी उमटेल असं केलं. दोन्ही वेळा भाऊ हसत हसत पेशंट घेऊन आले. मग एकदा मी त्यांचं बायोडाट्यांचं फोल्डर उचलून दुसऱ्या एका फोल्डरच्या पोटात ठेवलं. सगळं शाबूत, फक्त नेहमीच्या जागी दिसणार नाही. रविवारी ते शोधायचा खेळ रंगेल असा माझा हिशेब.

भाऊ आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मशीन मस्त हाये. आज जरा अंग दुखून राह्यलं." पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मग एक दिवस रेखा दुकानात आली. हातात पिशवी, पण काही घ्यायला आलेली नव्हती. "विलासकाका, बाबा म्हणतात कॉम्प्युटर विकून टाका."

"काऊन? बिघडला?"

"तसंच इचारलं मी. तर म्हणतात, मशीन चांगली हाये, माणूसच बिघडला."

मी हातातलं काम ठेवलं. ती सांगत गेली. भाऊंचे वडील म्हातारपणी विसरायला लागले होते. सुरुवात साध्या गोष्टीनं झाली, विळा कुठं ठेवला ते आठवेना. मग घरातून निघून जात. एकदा आंजीच्या स्टँडवर सापडले, कुणी तरी ओळखीच्यानं आणून सोडलं. शेवटी शेवटी भाऊ जेवायला वाढायचे तर वडील त्यांनाच विचारायचे, "पाहुणे, कोण्या गावचे?"

"बाबाले थेच वाटून राह्यलं," रेखा म्हणाली. "फोल्डर म्हणे मीच कुठंतरी टाकलं नाहीतर पुसलं. घरात कोणी हात लावला नाही, मंग गेलं कुठी? गाडी चालवणं सोडलं त्याईनं. देवळीची सोयरीक आलती, बायोडाटा मागतला, तर नाही म्हणाले. म्हणे एकाची पोरगी दुसऱ्याच्या नावावर लागन माह्याच्यानं. मंगळवारी वर्ध्याले डॉक्टरकडं नेऊन राह्यलो." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काका, तुम्ही एकडाव पाहा न. फोल्डर सापडलं तर बरं वाटन त्याईले."

त्या वेळी सांगायला हवं होतं. समोर उभी होती. मी म्हणालो, "पाहतो."

आणि जे पाहिलं ते असं. ती गेल्यावर मी दुकानात बसूनच भाऊंच्या मशीनमध्ये शिरलो आणि फोल्डर मुकाट्यानं होतं त्या जागी परत ठेवलं. मनात म्हटलं, उघडतील, दिसेल, बरं वाटेल, कुणाला काही सांगायला नको. आयुष्यभर लोकांची मशीनं दुरुस्त केली, पण माणूस कसा चालतो ते मला तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला त्यांच्या घरी गेलो. भाऊ अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून हसले नाहीत.

"सापडलं थे," ते म्हणाले.

"अरे वा! बरं झालं न भाऊ."

"बरं झालं?" त्यांनी शेंग टोपलीत टाकली. "जागेवरच होतं लेका. जिथं मी पंधरवडाभर पाह्यलं, तिथीच. काल नव्हतं, आज हाये. माह्या बापाचंही असंच होतं. विळा हरवे, सारं घर शोधे, अन् खुंटीलेच टांगलेला सापडे. आम्ही हासत होतो त्याले." दुसरी शेंग उचलत म्हणाले, "फोल्डर नसतं सापडलं तर बरं झालं असतं. पुसलं गेलं असं तरी म्हणता आलं असतं."

मी बाजेच्या काठावर बसलो. एक शेंग उचलली, सोलली. दाणे कुठं टाकायचे ते सुचेना.

"भाऊ, ते मी केलं."

"काय?"

"फोल्डर. मीच हलवलं होतं. दुकानातून. काल परत ठेवलं तेही मीच."

"माह्यी समजूत नको काढू विलास."

"समजूत नाही. रविवारी पेशंट नसायचा म्हणून मीच सगळ्यांचं बिघडवत होतो. तुमची तारीख मी बदलली."

त्यांचे हात थांबले. "इंग्रजी अक्षरं आलती थे?"

"मीच."

"काळबांडे मास्तरचं रॅम?"

"तेही."

"परत सांग. फोल्डर."

"नेलं मी, आणलं मी. तुम्ही काहीच विसरला नाही भाऊ."

भाऊ उठले. मला वाटलं काठी आणायला चालले. ते दारापर्यंत गेले आणि आत तोंड करून असे ओरडले की शेजारच्या कोंबड्या उधळल्या. "रेखा! ओ रेखा! मी बरा हाये वं! हा विलास्याच हरामखोर हाये!"

मग ते रांजणाकडे वळले आणि पाठमोरे उभे राहून तोंड धुवायला लागले. तोंड धुवायला त्यांना बराच वेळ लागला. रेखा दारात आली. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्याबद्दल मी लिहिणार नाही. तरी तिनं चहा दिला. साखर घातली नव्हती.

पंचा खांद्यावर टाकून भाऊ म्हणाले, "रविवारी साऱ्याईसमोर सांगशीन. अन् थ्या मंगळवारच्या डॉक्टरले फोन करून सांग वं रेखा, म्हणा पेशंट ठीक हाये, मेकॅनिकले तपासा." वर्ध्याला जायचं रद्द झालं. त्या दिवशी तेही मला चांगलंच वाटलं.

रविवारी सांगितलं. अख्खा हॉल ऐकत होता. मी घुम्या माणूस, चारचौघांत बोलायची सवय नाही. सांगून संपलं. पहिले बोलले काळबांडे सर, आणि फार दुखावलेल्या आवाजात.

"म्हणजे, अर्थिंग नव्हतंच?"

"नव्हतं सर."

"मी अंगणात खड्डा खणला. कोळसा टाकला, मीठ टाकलं. जांभळाचं झाड वाळलं त्या मिठानं."

"अन् माह्या प्रिंटरनं उलटं छापलं थे?" मंदाताई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ते मी नाही ताई. तुम्हीच कागद उलटा घातला होता."

"आता खोटं नका बोलू!"

"खरंच नाही."

"एवढं कबूल केलं, मंग इतकंच कायले लपवता जी?"

त्या रविवारी मी न केलेले गुन्हेही माझ्या नावावर चढले. कुणाचा मॉनिटर, कुणाचा फोन, कुणाच्या घरचा मिक्सर. शिक्षा मंदाताईंनी सुनावली. यापुढे दर रविवारी पोहे माझ्या घरचे. बायको हे ऐकून म्हणाली, "तुम्ही बोलत नव्हते तेच बरं होतं." ते सॉफ्टवेअर मी त्याच दिवशी प्रत्येकाच्या मशीनमधून त्यांच्यासमोर काढलं. माऊस त्यांच्या हातात, मी तोंडानं सांगितलं.

वाटलं होतं मंडळ मोडणार. उलट झालं. कुठला बिघाड विलासचा आणि कुठला देवाचा, हा वाद घालायला लोक दर रविवारी वेळेआधी येऊन बसायला लागले. पेशंटशिवाय. शिवणक्लासनं दुसरीकडे जागा पाहिली. गुणवंतभाऊ पुन्हा गाडीवर यायला लागले. देवळीची सोयरीक त्यांनीच जुळवली. माझी ओळख करून देताना ते सांगायचे, "हा आमचा विलास. यानं मले येडं करायचा लई प्रयत्न केला, पण आपलं डोकं जिनिंगच्या काट्यावानी. हलते, पण जागेवर येते."

इथपर्यंतची गोष्ट साऱ्या आर्वीला ठाऊक आहे. ती सांगायला मला या दिवाळी अंकाचं पान लागलं नसतं.

यंदा उन्हाळ्यात दुपारी भाऊंचा फोन आला. आवाज चढलेला, पण मजेत. "काऊन बे, पुन्हा सुरू केलं काय तू? माह्या मशीनचा पासवर्ड बदलला!"

मी त्यांचं मशीन पाहिलंही नव्हतं. पासवर्ड म्हणजे त्यांच्या मोठ्या बैलाचं नाव, कॉम्प्युटर घेतला त्या दिवसापासून तेच. मंडळात सगळ्यांना माहीत होतं.

"काय टाकलं तुम्ही भाऊ?"

"काय म्हणजे? आपला थोच. आपला..." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "तू बदलला न? सांग न बे. तूच न?"

मजा त्यांच्या आवाजातून निघून गेली होती.

"हो भाऊ," मी म्हणालो. "मीच."

"हट् लेका!" ते इतके हसले की खोकला लागला. "सुधरणार नाईस तू!"

त्यांचा फोन ठेवला आणि लगेच रेखाला लावला. या वेळी लपवलं नाही. सगळं सांगितलं, मी काय बोललो तेही. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. डोळे तपासायचे आहेत म्हणून नेलं. डॉक्टर म्हणाले सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. रेखानं माझ्याकडे पाहिलं. तो रद्द झालेला मंगळवार आम्हा दोघांच्याही मनात होता. मी डॉक्टरांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, तेव्हा काही दिसलं असतंच असं नाही. 'असतंच असं नाही' यावर माणसाला झोप लागू शकते का, हे त्यांना विचारायचं राहिलं.

आता भाऊंच्या घरी चष्मा सापडला नाही की माझं नाव निघतं. दुधावर झाकण नसलं, नळ चालू राहिला, नातवाचं नाव चटकन आलं नाही, तरी "विलास्याची करामत." मी त्या घराच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेलं नाही. रेखाला मी सांगून ठेवलं आहे, नाही म्हणू नका. मंडळातल्या सगळ्यांनाही सांगितलं. काळबांडे सरांना ते जड गेलं, ते खरं बोलणारे गृहस्थ. पण परवा भाऊंनी त्यांना मास्तर म्हणायच्या ऐवजी जिनिंगमधला जुना सोबती समजून काटापाटील म्हणून हाक मारली, तेव्हा सर डोळे मिटून म्हणाले, "या विलासचं काहीतरी करायला पाहिजे."

हा मजकूर रेखा भाऊंना वाचून दाखवणार आहे. मी विचारलं, दाखवायचा का? ती म्हणाली, "वाचते न. थे म्हणतीन, आपलं नाव वाचवायले खोटं लिहिलं लेकानं."

गेल्या रविवारी मीच त्यांना गाडीवर आणलं. पोहे झाले, भांडणं झाली. निघताना भाऊ दारात थबकले. बाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं होत्या. ते एकेकीकडे पाहत राहिले. मंदाताईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली, आवाज न करता.

भाऊंनी मान वर केली आणि मला शोधलं.

"विलास, माह्यी चप्पल काऊन लपवली बे?"

चप्पल त्यांच्या समोरच होती. मी वाकून ती उचलली, त्यांच्या पायांपुढे ठेवली. "गंमत केली भाऊ."

"गंमत," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर भार टाकून त्यांनी एक पाय आत घातला, मग दुसरा. "म्हाताऱ्या माणसाची गंमत करते. लाज वाटू दे जराशी."

"वाटते भाऊ," मी म्हणालो.